उसवायचं नाय, ताई

रऊफभाईंशी माझी ओळख भांडणाने झाली, आणि भांडण झालं ते एका मोरावरून.

पुंडलिकनगरात मी तेव्हा ब्लाउजचं दुकान नुकतंच टाकलं होतं. दुकान म्हणजे काय, घराची पुढची खोली, दोन शिलाई मशिनी आणि भिंतीला एक लांब आरसा. पाठीवर मोर काढलेल्या ब्लाउजांची टूम निघालेली. आमच्या गल्लीतल्या जोशीबाईंकडे लग्न होतं आणि त्यांना मोर हवाच होता. हे काम कॉम्प्युटरच्या मशिनीवर होतं आणि गुलमंडीच्या मागच्या बोळात रऊफभाई ते करतात, असं कळलं म्हणून मी कापड नेऊन दिलं. ठरल्या दिवशी आणायला गेले तर मोर झकास उतरला होता. फक्त फ्रेम हलली असावी, कारण चोचीच्या पुढे हिरव्या धाग्याची एक आगाऊ रेघ निघाली होती.

"हे उसवून द्या," मी म्हणाले.

"उसवायचं नाय, ताई."

"नाय म्हणजे? चूक तुमची, आणि वर तोंड करून नाय म्हणता?"

"चूक माझीच हाय. पर हे रेशमी कापड हाय. उसवलं की भोकं राहत्यात. मग तिथं काय बी करा, नजर भोकावरच जाती. तुम्ही चा घ्या, मी पान काढतो."

चहा मी रागाने घेतला नाही. रऊफभाई कॉम्प्युटरसमोर बसले, थोडा वेळ टेबलावर नुसतं बोट फिरवलं, मग काहीतरी आखलं आणि कापड पुन्हा मशिनीला चढवलं. खाली उतरवलं तेव्हा मोराच्या चोचीत एक डहाळी होती आणि डहाळीला एक पान. ती आगाऊ रेघ त्या पानाचा देठ झाली होती. जोशीबाईंना ते इतकं आवडलं की पुढच्या लग्नसराईत अर्ध्या पुंडलिकनगराने माझ्याकडे पानवाला मोर मागितला. रऊफभाईंना मी हे लगेच सांगितलं नाही. डोक्यावर चढून बसले असते.

रऊफभाई जाऊन आता वर्ष उलटून गेलं. अजून दुकानात कुणी पोरगी चुकलेल्या टाक्याला कात्री लावायला गेली की माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य निघतं, त्यांच्याच हेलात. मी लासूर स्टेशनची, माझी भाषा काही फार शुद्ध नाही, पण हे वाक्य माझं नाही, त्यांचं आहे.

उंच, किडकिडीत माणूस. दाढी मेंदीने रंगवलेली, तीही वेळ मिळेल तेव्हा, म्हणून अर्धी लाल, अर्धी पांढरी. शर्टाला कायम धाग्यांचे तुकडे चिकटलेले. लाल आणि सोनेरी तुकडे असले की ओळखायचं, कुणाचा तरी शालू चालू आहे. हिरवे असले की डोहाळजेवण. बोळातच, दुकानाच्या वर त्यांचं घर होतं. संध्याकाळी ते जिना चढून गेले की रजियाभाभी दारातच त्यांना उभं करायच्या आणि शर्टावरचे धागे एकेक करून वेचायच्या. रऊफभाई हात पसरून, मान वर करून, झडती द्यायला उभे राहिल्यासारखे उभे राहायचे. हा सोहळा मी कितीदा पाहिला आणि दर वेळी हसले.

त्यांच्या कामाला पंचिंग म्हणतात. लोकांना वाटतं, मशीन आपोआप भरतकाम करतं. मशीन नुसता हात आहे. सुईने आधी कुठे जायचं, मग कुठे वळायचं, कुठला टाका आडवा आणि कुठला तिरपा, हे सगळं कॉम्प्युटरवर आखून द्यावं लागतं. वाईट आखणी असली की सुई इकडून तिकडे उड्या मारते, धागा तुटतो, कापड गोळा होतं. रऊफभाईंचा मोर शेपटीच्या टोकाला सुरू व्हायचा आणि डोळ्यात संपायचा. मधे धागा तुटायचा नाही. "सुई म्हातारी बाई हाय असं समजायचं," ते म्हणायचे. "तिला नीट रस्त्यानं न्यायचं, उड्या मारायला लावायचं नाय."

हे आखायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं. शिवाय त्याला एक कुलूप होतं. पेनड्राइव्हसारखा एक इवलासा तुकडा, तो कॉम्प्युटरला लावला तरच काढलेलं डिझाइन सेव्ह व्हायचं आणि मशिनीला देता यायचं. त्याला ते लॉक म्हणायचे. ते हरवलं तर धंदा बंद, म्हणून रऊफभाईंनी ते काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं होतं, ताविजाच्या शेजारी. काम करायचं झालं की दोऱ्यासकट मान खाली घालून ते लॉक लावायचे आणि तेवढा वेळ त्यांचं डोकं कॉम्प्युटरला टेकलेलं असायचं. मी म्हणायचे, "रऊफभाई, दुसऱ्या कुणाला एवढं वाकून सलाम केला असता तर आज बंगला असता." ते म्हणायचे, "ताई, बंगल्यात लॉक कुठं लावायचं?"

त्यांची एकुलती एक मुलगी सना. नव्या डिझाइनचा पहिला नमुना विकायचा नाही, तो चिंधीवर काढून सनाला द्यायचा, हा त्यांच्या दुकानाचा रिवाज होता. लहान होती तेव्हा ती त्या चिंध्या बाहुलीला नेसवायची. मोठी झाल्यावर नमुना खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायची आणि चुका काढायची. "अब्बा, इसका दायाँ पत्ता भारी हो गया." रऊफभाई चिडायचे, हिला काय कळतं म्हणायचे, आणि गिऱ्हाईक गेल्यावर गुपचूप उजवं पान हलकं करायचे.

सना कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग शिकायला लागली आणि घरात एक जुना, जाडजूड लॅपटॉप आला. त्यात विंडोज नव्हतं. लिनक्स नावाचं काहीतरी होतं, ते फुकट मिळतं आणि हुशार पोरं ते वापरतात, एवढं मला कळलं. त्यावरून बापलेकीची रोज जुंपायची.

"तुम विंडोज के गुलाम हो, अब्बा."

"हौ, गुलाम सही. मेरा सॉफ्टवेअर चलता क्या तेरे उस पे?"

"नहीं चलता."

"फिर डब्बा है वो. चावल भर उसमें."

डब्बा म्हटलेलं तिला लागलं. तिने तिथेच जाहीर केलं की ह्याच डब्ब्यावर अब्बांचं सॉफ्टवेअर चालवून दाखवीन, विंडोज न टाकता. सुट्टीच्या दिवशी ती दुकानात येऊन एका स्टुलावर बसायची आणि भराभर काहीतरी टाइप करायची. मी ब्लाउज घ्यायला गेले की विचारायचे, काय चाललंय. ती माझ्याशी छान मराठी बोलायची.

"मावशी, अब्बांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजच्या घरात नांदतं. मी त्याला असं भासवतेय की तू तुझ्याच घरात आहेस. दारं तशीच, खिडक्या तशाच. मग ते बिचारं मुकाट्याने कामाला लागतं."

"म्हणजे सासरी आणलंय हे कळू द्यायचं नाही," मी म्हणाले.

"बरोब्बर!" म्हणून ती अशी हसली की आत मशिनीवरची माणसंही बघायला लागली.

आणि एके दिवशी ते उघडलं. तिच्या लॅपटॉपवर, रऊफभाईंचं सॉफ्टवेअर. पानवाला मोर पडद्यावर उभा राहिला. रऊफभाईंनी खुर्ची मागे सारली, चप्पल न घालता बोळाच्या तोंडापर्यंत गेले आणि इमरती घेऊन आले. सगळ्या बोळाला वाटली. मला दोन दिल्या. "डब्बा नाय, ताई, डब्बा नाय," एवढंच सारखं म्हणत होते.

एक गोष्ट मात्र राहिली होती. त्या लॅपटॉपला गळ्यातलं ते लॉक ओळखू येत नव्हतं. त्यामुळे डिझाइन उघडायचं, नवं काढताही यायचं, पण सेव्ह व्हायचं नाही. बंद केलं की गेलं. रऊफभाईंनी लगेच चिडवायला घेतलं. सना म्हणाली, "परीक्षा होऊ द्या. फिर देखो. फक्त सेव्हच राहिलंय ना?"

परीक्षेच्या आधी ती तापाने आजारी पडली. साधा ताप वाटला होता. आठवड्याच्या आत सना गेली.

ह्याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही. मी गेले तेव्हा रजियाभाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या ओंजळीत कसल्यातरी रंगीत धाग्यांचा बोळा होता. रऊफभाई येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देत होते. मलाही दिलं. मी पाणी प्यायले आणि आले.

दुकान पुढे उघडलं. रऊफभाई काम करत राहिले. काम चोखच होतं, पण नवं काही निघत नव्हतं. जुनेच मोर, जुन्याच वेली. नवं डिझाइन काढलं तर पहिला नमुना द्यायचा कुणाला?

त्या उन्हाळ्यात वीज सारखी जात-येत होती आणि एका दुपारी त्यांचा जुना कॉम्प्युटर जळला. नुसता वास आला आणि पडदा काळा. सगळ्यांनी सांगितलं, दुसरा घ्या, जुन्या बाजारात मिळतो. त्यांचा मेहुणा इक्बाल, भाभींचा धाकटा भाऊ, वाळूजला कंपनीत होता. तो म्हणाला, मी आणून देतो. रऊफभाई नक्को म्हणाले. वर गेले आणि सनाचा लॅपटॉप घेऊन खाली आले.

"ह्याच्यावरच करणार," ते मला म्हणाले. "एवढं चालू करून ठेवलंय पोरीनं. फक्त सेव्ह राहिलंय. ते मी करतो."

दहावी शिकलेला, साठीला टेकलेला माणूस. तो लिनक्स शिकायला बसला. एक-दोन कॉम्प्युटरवाल्यांना त्यांनी विचारलंही. पण आपल्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांजवळ सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत एकच औषध असतं, फॉरमॅट. सगळं पुसून टाकू, विंडोज टाकू, अर्ध्या तासात घेऊन जा. रऊफभाई लॅपटॉप छातीशी धरून परत यायचे.

मग त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. व्हिडिओ इंग्रजीत. ते थांबवून थांबवून, पडद्यावरचं अक्षर न् अक्षर बघून तसंच टाइप करायचे. मी बी.ए. झालेली, म्हणून मला पकडायचे.

"ताई, हे काय म्हणतंय?"

"परमिशन डिनाइड. परवानगी नाही म्हणतंय."

"कुणाची?"

"ते लिहिलेलं नाही."

"कुणाला मागायची तेवढं तरी सांगायला पायजे," रऊफभाई म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून टाइप करायला लागले.

दिवसामागून दिवस असेच गेले. नवी कामं दुसऱ्या पंचिंगवाल्याकडे जायला लागली. मशिनी बंद. मी मात्र हट्टाने माझं कापड त्यांच्याकडेच ठेवत होते आणि गिऱ्हाइकांना खोट्या तारखा देत होते. एकदा दुपारी गेले तर ते लॅपटॉपवर काहीतरी काढत होते. मागे उभी राहून बघायला लागले. वेल होती. इतकी सुरेख वेल मी त्यांच्या हातची पाहिली नव्हती. एका बाजूने वर चढत होती, टोकाला वळून परत खाली येत होती आणि मधल्या पानांत कुठेही एक पान दुसऱ्यासारखं नव्हतं. वाटलं, माणूस परत आला कामावर.

तेवढ्यात जेवायला बोलावणं आलं. रऊफभाईंनी वेल बंद केली.

"गेली?" मी विचारलं.

"गेली."

"अहो, सेव्ह होत नाही तर काढता कशाला? सकाळ घालवलीत त्याच्यात!"

"तिनं जेवढं चालू करून दिलंय, तेवढं वापरतो, ताई," ते म्हणाले. "रोज एक काढतो."

त्यांच्या शर्टाकडे माझं लक्ष गेलं. स्वच्छ, पांढरा शर्ट. एकही धागा नव्हता. घरी गेल्यावर भाभी काय वेचत असतील, असं मनात आलं आणि मी तिथून निघाले.

रमजानच्या दिवसांत इक्बाल लॅपटॉप घेऊन गेला. कंपनीतल्या एका हुशार मुलाला नुसता दाखवतो, म्हणाला. रऊफभाईंनी दिला. हुशार मुलगा म्हटल्यावर त्यांना आशा वाटली असेल.

ईदच्या दिवशी मी शीरखुर्मा घ्यायला गेले होते, दर वर्षी जाते तशी. इक्बाल नवा कुर्ता घालून आला, हातात लॅपटॉप. सगळ्यांच्या मधोमध तो दस्तरखानावर ठेवला आणि म्हणाला, "दुल्हेभाई, ईदी लाया तुमकू. खोलो."

रऊफभाईंनी उघडला. पूर्वी बटण दाबलं की सनाचं नाव यायचं आणि मागे एका चिंधीचा फोटो, तिच्या लहानपणच्या पहिल्या नमुन्याचा, त्यावर एक वेडावाकडा पोपट. दुपारी रऊफभाई लॅपटॉप वर आणायचे तेव्हा भाभी काम आटोपून तो पुसायच्या आणि तेवढं बघण्यासाठी एकदा चालू करून बंद करायच्या. आता निळा पडदा आला. विंडोज. कडेला रऊफभाईंच्या सॉफ्टवेअरचं चित्र.

"सब साफ कर दिया," इक्बाल म्हणाला. "एकदम नवा के जैसा. तुम्हारे पुराने डिझाइन भी वापस डाला. लॉक लगाके देखो, सेव्ह भी होता."

मला कळलं. मी वाडगा खाली ठेवला. रऊफभाई पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी गळ्यातला दोरा पुढे घेतला, मान वाकवली, लॉक लावलं. बोटाने एक पान काढलं, साधं, एकच. सेव्ह केलं. बंद करून पुन्हा उघडलं. पान तिथेच होतं.

"माशाअल्लाह," ते म्हणाले. "बहोत अच्छा किया, इक्बाल." उठले आणि त्याला तीनदा गळ्याशी धरलं, ईदला धरतात तसं. इक्बालचा चेहरा फुलला होता. बहिणीच्या घरची चूल पुन्हा पेटवली म्हणून तो खूश होता, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

मी स्वभावाने फटकळ आहे. तोंड उघडणार तेवढ्यात रऊफभाई म्हणाले, "ताई, शीरखुर्मा थंड होतोय." मला सोडायला जिन्यापर्यंत आले तेव्हा मी बोललेच. "रऊफभाई, त्याला सांगायला पाहिजे. एवढं सगळं पुसून टाकलं त्याने, आणि तुम्ही मिठ्या मारताय?"

त्यांनी कठड्याला धरलं होतं. "त्याला कळलं तर आयुष्यभर तोंड दाखवायचा नाय मला," ते म्हणाले. "गेलं ते गेलं. उसवायचं नाय, ताई."

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं. काम असं होतं की भाभींना कळता कामा नये. त्या ईदच्या गडबडीत आत होत्या, त्यांनी निळा पडदा पाहिला नव्हता, असं रऊफभाईंचं म्हणणं. आता लॅपटॉप उघडल्यावर पुन्हा सनाचं नाव यायला हवं होतं आणि मागे तो पोपट. चिंधी पेटीत होतीच. आम्ही तिचा मोबाइलवर फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला. नावाशी अडलं. इंग्रजीत होतं, एवढं दोघांनाही आठवत होतं. पण मोठ्या अक्षरात की छोट्या?

"तुम्ही रोज बघत होता की," मी म्हणाले.

"बघत होतो," ते म्हणाले. "पर वाचत कुठं होतो? ती दिसायची."

शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. नाव आलं, पोपट आला. रऊफभाई बराच वेळ मान कलती करून बघत राहिले. "जमलंय," म्हणाले. "हिला कळायचं नाय."

त्यानंतर दुकान पुन्हा चालायला लागलं. कामं परत आली, माझ्या खोट्या तारखा खऱ्या व्हायला लागल्या. शर्टावर धागे दिसायला लागले. मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण इक्बालचा राग काही जाईना. एका दुपारी वर भाभींकडे बसले होते. त्यांनी फडक्याने लॅपटॉप पुसला, नेहमीसारखा एकदा चालू केला, बघितला आणि बंद केला. माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "भाभी, तुमच्या भावाने निदान विचारून तरी करायचं होतं."

बोलून गेल्यावर जीभ चावली. भाभींनी फडक्याची घडी घातली.

"इक्बाल कू कुछ नक्को बोलो, ताई. उसकू मैंच बोली थी."

"तुम्ही?" मी म्हणाले.

"हौ. मैंच बोली, सब निकाल दे, सॉफ्टवेअर चालू करके दे. वो तो डर रहा था." त्या खालच्या आवाजात बोलत होत्या, कारण खाली मशीन चालू होती आणि जिन्याचं दार उघडं होतं. "रोज बनाते थे, रोज मिटता था. दोपहर कू ऊपर आते, खाना नहीं खाते. सना एक बार गई, ताई. इनकी रोज जाती थी. मैं कितने दिन देखती?"

त्यांनी मोबाइल काढून मला एक फोटो दाखवला. लॅपटॉप इक्बालच्या हातात द्यायच्या आधी त्यांनी पडद्याचा काढून ठेवलेला. मागे पोपट आणि वर सनाचं नाव, छोट्या अक्षरांत. काचेवर भाभींचीच सावली पडली होती, डोक्यावरच्या पदरासकट.

"तुम दोनों ने बडे अक्षर में लिखा," त्या म्हणाल्या. मग माझा हात धरला. "उनकू मत बोलना. उनकू लगता, मेरेकू मालूम नहीं. लगने दो."

मी जिना उतरले तेव्हा रऊफभाई मशिनीपाशी होते. मला बघून म्हणाले, "काय ताई, रडल्यासारख्या दिसता?" मी म्हणाले, तुमच्या बोळातली धूळ. माझं तोंड बंद राहिलेला आयुष्यातला तो एकच प्रसंग असेल. त्या घरात दोघं एकमेकांना जपत होते, आणि खालच्या दुकानात मी दोघांनाही जपत बसले. सनाने सॉफ्टवेअरला जसं भासवलं होतं, तसंच आम्ही तिघं एकमेकांना भासवत होतो.

असंच ते चाललं, आणि बरं चाललं. मग मागच्या थंडीत एका सकाळी रऊफभाई नमाज पढून आले, बसले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यांचे हाल झाले नाहीत, लोक म्हणाले. मला मात्र त्याच्या आदल्या आठवड्यातली भेट आठवत राहते.

जोशीबाईंच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि तिला आजीसारखाच पानवाला मोर हवा होता. मी कापड घेऊन गेले. संध्याकाळ होत आली होती, मशिनी थांबल्या होत्या, कामावरची माणसं गेली होती. रऊफभाई एकटेच लॅपटॉपसमोर बसले होते. शर्टावर लाल आणि सोनेरी तुकडे. पडद्यावर एक वेल होती. ती जुनी वेल नव्हती, पण तिच्याच घरची होती. ते शेवटचं पान काढत होते. दोऱ्यातलं लॉक लॅपटॉपला लावलेलं होतं, त्यामुळे मान थोडी झुकलेली. मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

पान पूर्ण झालं. त्यांनी खुर्चीत मागे होण्याइतका दोरा सैल केला आणि वेलीकडे बघितलं. उजवीकडच्या एका पानाशी थांबले, ते जरासं हलकं केलं. मग बंद करायचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली. आता त्या लॅपटॉपवर सगळं सेव्ह होत होतं, म्हणून तो विचारत होता, सेव्ह करायचं का? इंग्रजी वाचून दाखवायच्या सवयीने मी तोंड उघडलं.

त्यांनी नाहीवर बोट ठेवलं. वेल गेली.

मग त्यांनी मान वळवली, मला पाहिलं. मी पाहिलं आहे हे त्यांना कळलं, आणि ते जरासे हसले.

"रोज एकच काढतो, ताई. काम आटपल्यावर," ते म्हणाले. वर जिन्याकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "हिला सांगू नका."

मी नाही सांगणार म्हणाले. त्यांनी माझ्या हातातलं कापड घेतलं, उजेडाकडे धरलं, पोत बघितला आणि मोराची फाइल उघडली. वरून भाभींनी हाक मारली, तेव्हा ते लॉक काढून, शर्ट न झटकता, जिना चढून गेले.